गाडीचा पगार

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून बोटं आता पेनापेक्षा लाटण्याला जास्त ओळखतात. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे यात चुका असतील, त्या माफ कराव्यात. हे कुणी वाचेल की नाही तेही मला ठाऊक नाही. पण दादा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला उठून बोलायचं होतं आणि मी उठले नाही. तेव्हा बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीला कामावर होते. हाताला कणीक होती, म्हणून फोन कोपराने दाबून स्पीकरवर टाकला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मंगल, तुझा दादा गाडीत बसल्या बसल्या गेला गं." मला आधी वाटलं अपघात झाला. तसं नव्हतं. तो फरशा घेऊन गोरेगावला चालला होता. वाटेत छातीत कळ आली असणार. त्याने गाडी डाव्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवले आणि मग स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. ज्या माणसाने दार उघडलं तो सांगत होता, की इंजिन चालूच होतं, पण आवाज इतका कमी की त्याला आधी कळलंच नाही. शेवटपर्यंत दादाची गाडी बंद पडली नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे.

कार्यक्रम चाळीच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली, मग ज्यांना बोलायचं होतं ते एकेक उठले. दहिसर चेक नाक्याजवळच्या पिकअप स्टँडवरचे सगळे आले होते. त्यांच्यातले वयाने मोठे नाना उभे राहिले. नानांच्या स्वतःच्या तीन गाड्या आहेत, तिन्ही देशी. ते म्हणाले, "आमचा दादा म्हणजे सोन्यासारखा माणूस. कुणाशी भांडला नाही, कुणाचं भाडं पळवलं नाही. आयुष्यात एकच चूक केली, जपानी गाडी घेतली. आणि ती शेवटी आमच्या प्रकाशने देशी गाडीने दोर बांधून ओढत आणली!" लोक हसले. अशा कार्यक्रमात माणसं रडून थकलेली असतात, हसायला कारण हवं असतं. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. प्रकाश म्हणजे माझे यजमान. ते सतरंजीकडे बघत होते. आणि मी... मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. कारण त्या दिवशी कोणी कोणाला ओढलं, हे जिवंत माणसांत आता आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मराठवाड्यातल्या आमच्या गावातून तो आधी आला, टेम्पोवर क्लीनर म्हणून राहिला, मग ड्रायव्हर झाला, मग स्वतःची गाडी घेतली. माझं लग्न त्यानेच जमवलं. यांचा कारखाना बंद पडला तेव्हा यांना गाडी शिकवली तीही त्यानेच, नदीकाठच्या मोकळ्या मैदानात. हे पहिल्यांदा गिअर टाकायला शिकत होते तेव्हा दादा शेजारी बसून म्हणायचा, "प्रकाशराव, क्लच हा जावयासारखा असतो. त्याच्यावर सारखा पाय ठेवायचा नाही." तेव्हा दोघांकडेही देशी गाड्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या.

दादाला एक सवय होती. प्रत्येक फेरी झाली की भाड्यातले वीस-तीस रुपये तो बाजूला काढायचा आणि सीटखाली ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्याला तो गाडीचा पगार म्हणायचा. "आपण दिवसभर राबलो की आपल्याला पैसे मिळतात ना? मग ही काय फुकट राबते? हिचा पगार हिला. टायर, ऑइल, जे लागेल ते तिने स्वतःच्या पैशातून घ्यावं." घरात कितीही अडचण आली तरी त्या डब्याला हात लागायचा नाही. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्यापेक्षा तुमच्या गाडीचा संसार चांगला चाललाय." दादा म्हणाला, "ती माझ्याशी भांडत नाही ना."

सहा वर्षांपूर्वी मनोरीच्या एका बंगलेवाल्याने आपली जपानी पिकअप विकायला काढली. दादा तिथे माती नि झाडांच्या कुंड्या पोचवायला जायचा, त्याने ती बघितलेली होती. जुनी देशी गाडी विकून, वर कर्ज काढून त्याने ती घेतली. ज्या दिवशी ती स्टँडवर आणली त्या दिवशी मी यांचा डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. रोज एक वाजता मी डबा घेऊन जायचे, डबा द्यायचा आणि मान खाली घालून परत यायचं, एवढाच माझा त्या पुरुषांशी संबंध. पण त्या दिवशी मी थांबले, कारण दादाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

नाना गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "जपानी गाडी म्हणजे श्रीमंताघरची सून. दिसायला झकास, पण एक नट हवा असला तरी तो माहेराहून यायला लागतो."

आमचे हे म्हणाले, "आपली गाडी कुठेही बंद पडू दे, झाडाखालचा मेकॅनिकसुद्धा तार गुंडाळून चालू करतो."

"म्हणजे बंद पडते, हे कबूल ना?" दादा म्हणाला.

"पाटे बघा आमचे, स्प्रिंगचे पाटे! दीड टनाच्या जागी अडीच टाका, हूं नाही की चूं नाही."

"तुमच्या पाठीवर टाकलं तर तुम्हीपण न्याल, प्रकाशराव. म्हणून टाकायचं का?"

सगळे हसले, पण हे नाही हसले. ज्या कंपनीच्या गाडीने आपलं पोट भरलं तिला नावं ठेवायची नाहीत, हे यांच्यासाठी आईवरची शिवी न ऐकण्यासारखं आहे. आमच्या कपाटावर, मुलीच्या वह्यांवर त्या कंपनीचे स्टिकर असायचे. दादाने कंपनी बदलली म्हणजे घर सोडलं असं यांना वाटलं. "आपल्या मातीतली गाडी सोडून परक्यांची घेतलीत," हे म्हणाले. तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "माणसाला कोणी विचारलं, तू कुठला, कोणातला, की आपल्याला राग येतो. मग गाडीला पहिला प्रश्न तोच का विचारता?" पण त्या दिवसापासून स्टँडवर त्याचं नाव जपानी दादा पडलं.

त्या स्टँडचा एक नियम होता. रस्त्यात गाडी बंद पडली आणि आपल्याच कंपनीच्या गाडीने टोचन लावून, म्हणजे दोराने ओढून आणली, तर ती मदत. पण दुसऱ्या कंपनीच्या गाडीने ओढली, तर ती हार. हरलेल्याच्या गाडीच्या फाळक्यावर, म्हणजे माल चढवायच्या मागच्या झडपेवर, खडूने एक रेघ मारायची आणि त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हे सगळं गमतीतच होतं. पण भाड्याला गाडी शोधणारे लोकही त्या रेघा बघायचे.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी नालासोपाऱ्याला नणंदेकडे गेले होते. हे वसईहून एका ठेकेदाराचं सामान घेऊन गोरेगावच्या स्टुडिओत चालले होते, जाताना मला घेतलं. मागे प्लायवूड आणि प्लॅस्टरचे राजवाड्याचे खांब होते, मालिकेच्या सेटसाठी. चार वाजेपर्यंत पोचवायचे होते. वसईच्या खाडीपुलाच्या अलीकडे जळका वास आला आणि गाडी बसली. क्लच गेला होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. यांनी स्टँडवरच्या कोणालाही फोन केला नाही. त्या ठेकेदाराला वर्षभराचं काम द्यायचं होतं आणि ते यांना मिळावं म्हणून हे जीव टाकत होते. काम दादालाही हवं होतं. गाडी बंद पडल्याचं कळलं तर हातचं जाईल, म्हणून यांनी फोन केला तो दादालाच. ज्याच्याशी स्पर्धा, त्यालाच.

दादा तासाभरात आला. हसला नाही, टोमणा मारला नाही. दोर बांधला आणि त्याच्या जपानी गाडीने आम्हाला काशीमिऱ्याच्या एका गॅरेजपर्यंत ओढलं. मी आमच्याच गाडीत बसले होते, पुढे दादाचा फाळका दिसत होता, स्वच्छ, एकही रेघ नसलेला. गॅरेजवाल्याने काम लवकर केलं, पण सोळा हजार रोख मागितले. यांच्याकडे दोन हजारसुद्धा नव्हते. दादाने सीटखालून डबा काढला. बोनेटवर ओतला. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, सुतळीने बांधलेल्या. डबा रिकामा झाला. "प्रकाशराव, तुमच्या देशी गाडीचा क्लच माझ्या जपानी गाडीच्या पगारातून," एवढंच तो म्हणाला, आणि तेही फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल एवढ्या आवाजात. सामान पाऊण तास उशिरा पोचलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ठेकेदार स्टँडवर आले होते. सामानाला उशीर का झाला ते विचारत होते. तेवढ्यात नाना म्हणाले, "अरे, काल मी समोरच्या बाजूने येत होतो. तुमच्या दोघांच्या गाड्या दोराने बांधलेल्या बघितल्या. पण मधे दुभाजकावर कण्हेर एवढी माजलीय, पुढे कोण नि मागे कोण ते दिसलंच नाही. कोण कोणाला ओढत होतं?"

हे पटकन म्हणाले, "मी दादाला. त्यांचा जपान बसला होता. म्हणून तर उशीर झाला."

मी दादाकडे बघितलं. आता तो बोलेल असं वाटलं. नानांनी विचारलं, "काय दादा, खरं का?"

दादा क्षणभर यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंगलला विचारा. ती होती गाडीत."

सगळे माझ्याकडे वळले. इतक्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. नाना म्हणाले, "बोला मंगलताई, बंद पडली ती गाडी कोणाची? तुम्ही तर सख्खी बहीण, तुम्ही काय भावाविरुद्ध खोटं सांगणार?" हातात डबा होता. यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, घराचं भाडं दिसत होतं, मुलीची फी दिसत होती... मी हात उचलला आणि बोट दादाच्या गाडीकडे दाखवलं. बोलले काहीच नाही.

दादाने मान हलवली. खिशात खडू असायचा त्याच्या, भाड्याचे हिशोब फाळक्यावर लिहायला. तो त्याने यांच्या हातात दिला. "मारा रेघ," म्हणाला, आणि रेघ नीट मारता यावी म्हणून लोंबणारा फाळका स्वतः उचलून लावला. मग टपरीकडे बघून ओरडला, "सगळ्यांना चहा, माझ्याकडून! ठेकेदारांना स्पेशल!"

वर्षाचं काम यांना मिळालं. पुढच्या वर्षीही यांनाच मिळालं.

ती रेघ पावसात जायची, कोणीतरी पुन्हा मारायचं. एका दसऱ्याला गाड्या धुऊन झाल्यावर नानांनी गमतीने ती पिवळ्या ऑइलपेंटनेच रंगवली. दादाने पुसली नाही. सोळा हजारांचं मी यांच्यामागे लागले, तर हे म्हणाले, "दिले तर वहिनी विचारतील, कशाचे? मग काय सांगायचं?" म्हणून दिले नाहीत. पैसे परत केले असते तर खोटं बाहेर आलं असतं, म्हणून पैसेही राहिले आणि खोटंही राहिलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, डबा रिकामा झालेला वहिनींनी बघितला. दादाने त्यांनाही काही सांगितलं नाही. त्या समजल्या की जपानी गाडीनेच ते पैसे खाल्ले. माझ्यादेखत त्या दादाला बोलायच्या, "विकून टाका ती पांढरी हत्तीण. एका दिवसात सोळा हजार गिळले तिने." दादा भाकरी मोडत ऐकून घ्यायचा. मी समोर बसलेली असायचे.

एकदाच मी विषय काढला. तो माझ्याकडे चहाला आला होता. "दादा, त्या दिवशी मी..." एवढं म्हणाले तर तो म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या डब्यात मेथी होती. वास येत होता. मला एक घास पण नाही दिलास." मी रडायला लागले. "अगं, रेघ गाडीला लागली. मला कुठे लागली?" तो म्हणाला आणि चहाची बशी पुढे केली, अजून ओत म्हणून. पण त्याने 'मंगलला विचारा' असं का म्हटलं, ते मी त्याला विचारलं नाही. तो स्वतःच खरं सांगू शकत होता. चार वर्षं मी याचा विचार केला. मला वाटतं, त्याला गाडीची अब्रू वाचवायची नव्हती. बहीण काय करते ते बघायचं होतं. आणि बघितल्यावर तो मला एका शब्दानेही बोलला नाही.

कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी नाना गाडी विकत घ्यायला वहिनींकडे आले. कंपनीचा अभिमान सोडून घेतो म्हणाले, एका वीटभट्टीवाल्याला हवी होती. मी आत चहा करत होते. त्यांनी भाव सांगितला आणि वहिनी म्हणाल्या, "अहो, यांनी तर कर्ज फेडून फेडून..." नाना म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला लुबाडत नाही. पण टोचन झालेली गाडी आहे, फाळक्यावर रेघ आहे. इंजिन एकदा बसलेलं. ऐंशी हजार कमीच येणार." मग वहिनी म्हणाल्या, "न्या मग. नाहीतरी आमचं वाटोळंच केलंय तिने."

चहा उतू गेला. मी तशीच बाहेर आले. "ती गाडी बंद पडली नव्हती," मी म्हणाले. "आमची पडली होती. दादाने आम्हाला ओढलं."

नाना हसले. "ताई, भावाची माया समजते मला. पण तुम्हीच तर हात करून दाखवलं होतं."

"खोटं दाखवलं होतं."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "आणि सोळा हजार?"

"आमच्या क्लचला गेले."

मग भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे न बघता म्हणाल्या, "चार वर्षं मी त्यांना बोलत होते गं..." आणि नानांना म्हणाल्या, "गाडी विकायची नाही." मग मला म्हणाल्या, "तू जा आता." त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन यांना सांगितलं. हे ओरडले, "आता कशाला? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मी म्हणाले, "त्याच्या गाडीला ऐंशी हजारांचा पडतो." हे म्हणाले, "आणि नाना स्टँडवर बोलले तर? ठेकेदारांना कळलं तर?" मी म्हणाले, "नाना बोलायच्या आधी मीच सांगणार आहे." लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. यांनी जेवण अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता डबा घेऊन गेले. सगळे होते. हे केबिनमध्ये बसले होते. दादाची गाडी वहिनींनी अजून तिथेच, त्याच्या जागेवर ठेवली होती, पिवळ्या रेघेसकट. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडेना. मग मी मुलीच्या कंपासमधून आणलेला खडू काढला आणि आमच्या गाडीच्या फाळक्यावर, जिथे कधीच काही नव्हतं तिथे, एक लांब रेघ मारली. वाकडी आली. कोणी हसलं नाही. नाना पुढे येऊन ती बघत उभे राहिले, मग त्यांनी दादाच्या गाडीकडे बघितलं.

हे खाली उतरले. मागे आले, रेघ बघितली. मला वाटलं, पुसतील, हातात फडका तर होताच. त्यांनी तो फडका खांद्यावर टाकला आणि टपरीकडे तोंड करून म्हणाले, "सगळ्यांना चहा." आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "माझ्याकडून."

ठेकेदारांपर्यंत गोष्ट पोचली आहे. त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. पुढच्या वर्षीचं काम मिळेल की नाही ते सांगता येत नाही. त्याच आठवड्यात यांनी न विचारता माझ्या हातात आठ हजार ठेवले. माझ्याकडे तीन होते. ते अकरा मी वहिनींना नेऊन दिले. त्यांनी घेतले, मला बस म्हणाल्या नाहीत. उरलेल्यांसाठी मी बोरिवलीला आणखी एक घर धरलं, सकाळी साडेसहाचं.

काल पगार झाला, पाच हजार घेऊन गेले. सोबत टर्पेंटाइनची बाटली आणि जुनं धोतर नेलं होतं. वहिनींनी बाटली बघितली, चावी घेऊन माझ्याबरोबर स्टँडवर आल्या. मी पिवळी रेघ घासली. वहिनी चिंधी पिळून देत होत्या. रंग निघाला, खाली एक फिकट पट्टा राहिला, उन्हात नीट बघितलं तर दिसतो. तो जाईल असं वाटत नाही.

मग वहिनींनी दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटखालून बिस्किटांचा डबा काढला. दादाने त्या दिवसानंतर पुन्हा भरायला सुरुवात केली होती, त्या नोटा अजून त्याच सुतळीत होत्या. माझे आधीचे अकरा हजारही वहिनींनी घरात ठेवले नव्हते, यातच ठेवले होते. मी पाच हजार पुढे केले. त्यांनी माझ्यासमोर मोजले, थुंकी लावून, एकेक नोट, परक्याचे मोजतात तसे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मोजून झाल्यावर त्यांनी ते डब्यात घातले, दोन्ही अंगठ्यांनी झाकण दाबलं आणि म्हणाल्या, "सोळा पूर्ण झाले. तिचा पगार तिला मिळाला."